निजलेल्या भाषा आणि बालवाडीतले शब्द

आपल्याकडील मुलांना 'कांगारू' हा शब्द शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच येतो. पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन उभे असलेले ते जनावर चित्रात दिसले की, मूल त्याचे नाव बिनचूक सांगते. हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण इंग्रजीत तो कोठून आला, असे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच, तर एक गमतीदार कथा ऐकायला मिळते. कॅप्टन कुकने तेथील माणसाला त्या प्राण्याचे नाव विचारले, त्या माणसाने आपल्या भाषेत "मला ठाऊक नाही" असे सांगितले, आणि कुकने तेच नाव समजून वहीत लिहून घेतले, अशी ती कथा. कथा मोठी चटकदार आहे, पण खोटी आहे.

खरी हकिकत अशी. १७७० साली कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळून फुटले. ते दुरुस्त होईपर्यंत सुमारे सात आठवडे त्याच्या माणसांना एका नदीच्या मुखापाशी मुक्काम करावा लागला. तेथील लोकांची भाषा गुगू यिमिधिर. त्या भाषेत एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूला 'गङुरू' म्हणतात, आणि तोच शब्द इंग्रजांनी टिपून घेतला. १९७० नंतरच्या दशकात जॉन हॅविलँड या अमेरिकन अभ्यासकाने ही भाषा बोलणाऱ्यांमध्ये राहून तिचा अभ्यास केला, तेव्हा हा शब्द तेथे जिवंत असल्याचे आढळले. उत्तर देणाऱ्याने बरोबर उत्तर दिले होते. दोनशे वर्षे जग मात्र त्याच्या अज्ञानाला हसत राहिले.

कथेचा उत्तरार्ध आणखी बोलका आहे. १७८८ च्या जानेवारीत इंग्रजांनी सिडनी येथे वसाहत घातली. कुकच्या टिपणांतला 'कांगारू' शब्द त्यांनी तेथील लोकांवर वापरून पाहिला. पण सिडनी तेथून शेकडो कोस दक्षिणेला. तेथल्या लोकांची भाषा निराळी. त्यांना हा शब्द इंग्रजीच वाटला! वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे की, जहाजातून आणलेल्या गाई पाहून तेथील कोल्बी नावाच्या गृहस्थाने त्याला विचारले, "हे कांगारू आहेत काय?" सिडनीच्या भाषेत करड्या कांगारूला 'पाटगरंग' असा स्वतंत्र शब्द होता.

या एका शब्दाच्या प्रवासात प्रस्तुत लेखाचा सगळा विषय आला आहे. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांची 'एक' भाषा कधीच नव्हती. गोऱ्यांच्या आगमनाच्या वेळी तेथे अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या, आणि प्रत्येक भाषा आपापल्या भूमीशी, तेथील नद्याडोंगरांशी बांधलेली होती. आज त्या देशातील अनेक बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत लहान मुलांना या भाषांतील शब्द शिकवले जात आहेत. कोणते शब्द, कोणाच्या भाषेतले, आणि कोणी शिकवायचे, हे तेथे आज मोठ्या कळकळीचे प्रश्न आहेत.

शिकवणारी मुलगी, शिकणारा अधिकारी

आरंभी शिकवण्याची दिशा उलटी होती, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. सिडनीच्या पहिल्या वसाहतीत विल्यम डॉझ नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. आकाशातील ग्रहताऱ्यांचे निरीक्षण हे त्याचे काम. १७८८ ते १७९१ या काळात त्याने स्थानिक भाषा शिकण्याचा प्रयत्न केला आणि आपल्या वह्यांत शब्द, वाक्ये व क्रियापदांची रूपे टिपून ठेवली. त्याची मुख्य शिक्षिका होती पाट्येगरंग नावाची सुमारे पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या नावाचा संबंध वर सांगितलेल्या करड्या कांगारूच्या नावाशी जोडला जातो. या वह्या लंडनमधील पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांच्या महाविद्यालयात जवळजवळ विसरल्या गेल्या होत्या; १९७२ साली त्यांच्याकडे पुन्हा अभ्यासकांचे लक्ष गेले.

त्या वह्यांत 'पुटुवा' असे एक क्रियापद आहे. आपला हात शेकोटीवर ऊबदार करून दुसऱ्याची बोटे हळूच दाबणे, असा त्याचा अर्थ डॉझने दिला आहे. एवढ्या सगळ्या कृतीला त्या भाषेत एकच शब्द पुरतो. तो शिकवताना त्या मुलीने काय केले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. दोन माणसे एकमेकांजवळ बसल्याखेरीज हा शब्द शिकताही येत नाही आणि शिकवताही येत नाही.

पण असे जवळ बसणे फार काळ टिकले नाही. १७८९ साली सिडनीच्या परिसरात देवीची साथ आली आणि तेथील असंख्य लोक मेले. पुढे वसाहती पसरत गेल्या तशा जमिनी गेल्या, कत्तली झाल्या, उरलेल्यांना मिशन आणि सरकारी वस्त्यांमध्ये कोंबण्यात आले. विसाव्या शतकात, साधारणपणे १९१० ते १९७० पर्यंत, हजारो मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांमध्ये ठेवण्यात आले. कित्येक ठिकाणी आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. १९९७ साली या प्रकाराचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर क्षमा मागितली. भाषा आईच्या मांडीवर मिळते. मांडीच काढून घेतली, तर व्याकरणाची पुस्तके काय करणार?

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार तेथे १२३ भाषा कमी-अधिक प्रमाणात वापरात होत्या. परंतु ज्यांना खऱ्या अर्थाने सुदृढ म्हणता येईल अशा भाषा केवळ १२. ज्या भाषा बोलणारे कोणी उरले नाही, त्यांना तेथील लोक 'मृत' म्हणत नाहीत. 'निजलेली भाषा' असे म्हणतात. हा केवळ सौजन्याचा शब्दप्रयोग नाही, हे ॲडलेडच्या उदाहरणावरून दिसून येते.

पोसमच्या घरातील शाळा

ॲडलेड शहर ज्या भूमीवर वसले, तेथील लोक कौर्ना. इंग्रजी लेखनामुळे आपण 'कौर्ना' असे वाचतो. खरा उच्चार 'गाणा'च्या जवळचा आहे. १८३८ साली टाइशेलमान आणि श्यूरमान हे दोन जर्मन लूथरपंथी मिशनरी तेथे उतरले. ज्या जहाजातून ते आले त्याचे नाव होते 'पेस्तनजी बोमनजी'. मुंबईकराला हे नाव ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. या दोघांनी १८३९ च्या डिसेंबरात नदीकाठी पिळ्टावाड्ळी येथे मुलांची शाळा काढली. 'पिळ्टा' म्हणजे पोसम हा झाडावर राहणारा प्राणी आणि 'वाड्ळी' म्हणजे घर. पोसमचे घर! तेथे लहान मुले कौर्ना भाषेतच लिहावाचायला शिकली. त्यांना शिकवता यावे म्हणून या मिशनऱ्यांनी १८४० साली त्या भाषेचे व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्दांचा कोश छापला.

त्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. मुलांनी बायबल वाचावे, एवढ्यासाठीच ती खटपट होती. पण शाळा फार दिवस चालली नाही. १८४५ मध्ये ती बंद झाली आणि मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नेण्यात आले. ही भाषा अस्खलित बोलणारी शेवटची ज्ञात व्यक्ती म्हणजे इवारिची ही वृद्धा. तिच्या नावाचा अर्थ धुक्यासारखा हलका पाऊस असा सांगतात. १९२९ साली तिचे निधन झाले. त्यानंतर साठ वर्षे ही भाषा कोणाच्या तोंडी नव्हती. होता तो फक्त कोश.

१९९० साली एक गीतलेखन कार्यशाळा भरली. तीत कौर्ना आणि शेजारच्या भाषांतून नवी गाणी रचण्यात आली. निजलेली भाषा जागी करण्याचा आरंभ गाण्यांपासून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्याकरण बाजूला ठेवून आधी सूर लावला. पुढे काही वर्षांतच ॲडलेडच्या उत्तर भागातील कौर्ना प्लेन्स या शाळेत ही भाषा मुलांना शिकवली जाऊ लागली. तेथील मुख्याध्यापिका अलित्या रिग्नी या ऑस्ट्रेलियातील पहिल्या आदिवासी महिला मुख्याध्यापिका. रॉब अमेरी या भाषाशास्त्रज्ञाने जुन्या कोशावरून भाषा पुन्हा उभी करण्याच्या कामाला आपले आयुष्य वाहिले. २००२ साली कौर्ना वडीलधारी मंडळी, शिक्षक आणि भाषाशास्त्रज्ञ यांची 'कौर्ना वार्रा पिंत्यांती' ही समिती स्थापन झाली. 'वार्रा' म्हणजे भाषा, आणि संपूर्ण नावाचा अर्थ कौर्ना भाषा घडवणे. मुलांना शाळेतून हाकलून देणाऱ्या काळाने मागे ठेवलेला कोशच शेवटी मुलांच्या हाती परत आला.

एका अभिवादनात काय काय असते

लहान मुलांना शिकवायचे म्हणजे पहिला शब्द अभिवादनाचा. ॲडलेडमध्ये मुले 'नीना माणी?' म्हणतात. "तू बरा आहेस ना?" असा त्याचा अर्थ. पण समोर दोघे असले तर 'नीना' चालत नाही, 'निवा माणी?' म्हणावे लागते. आणि तिघे किंवा अधिक असले तर 'ना माणी?' संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे ओळखीचे काहीतरी सापडेल. एकवचन, द्विवचन, बहुवचन! मराठीने जे द्विवचन टाकून दिले, ते ॲडलेडचे चार वर्षांचे मूल नमस्कार करता करता शिकते. समोर किती माणसे आहेत हे पाहिल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही.

दुसरा धडा शरीराचा. मीना म्हणजे डोळा, युरी म्हणजे कान, मारा म्हणजे हात, तिद्ना म्हणजे पाऊल. डोके-खांदे-गुडघे दाखवत म्हणायची बालगीते सगळीकडे असतात, तशी ती येथेही आहेत. मुले अवयवाला हात लावतात आणि शब्द म्हणतात. इथपर्यंत ही कोणत्याही भाषेच्या शिकवणीसारखीच शिकवणी झाली. पण 'युरी' या शब्दाची गोष्ट येथे संपत नाही. ॲडलेडच्या पूर्वेला डोंगरांची रांग आहे. कौर्ना कथेप्रमाणे तो एका आडव्या पडलेल्या महाकाय पूर्वजाचा देह आहे, आणि त्यांतली दोन शिखरे हे त्याचे दोन कान. त्या डोंगरातील एका गावाचे नाव युरायड्ला, म्हणजेच 'दोन कान'. त्या नावाच्या पाट्या गोऱ्या लोकांनी कित्येक वर्षे अर्थ न कळता वाचल्या. ज्या मुलाला 'युरी' हा शब्द आणि द्विवचनाचा प्रत्यय ठाऊक आहे, त्याच्यासाठी ती पाटी अचानक बोलू लागते.

तिसरा धडा प्राण्यांचा. कौर्ना भाषेत तांबड्या कांगारूला 'ताण्टा' म्हणतात. ॲडलेडच्या मध्यवर्ती भागाचे मूळ नाव 'ताण्टान्या', अर्थात तांबड्या कांगारूचे ठिकाण. म्हणजे ॲडलेडच्या मुलाला 'कांगारू' हा शब्द शिकवला तर तो उत्तर क्वीन्सलँडचा एक शब्द शिकला; 'ताण्टा' शिकवला तर तो आपल्या शहराचे नाव शिकला.

अंकांची हकिकत तर मोठी सुरेख आहे. जुन्या कोशात लहान संख्यांचेच शब्द होते. मोठ्या संख्या कोठून आणायच्या? कौर्ना समाजात मुलांना जन्मक्रमाप्रमाणे नावे देण्याची रीत होती. पहिला मुलगा, दुसरी मुलगी, तिसरा मुलगा, अशा क्रमाने नऊपर्यंत ठरलेली नावे होती. पाचव्या अपत्याच्या नावातून 'पाच'चा शब्द घडवला, सहाव्याच्या नावातून 'सहा'चा, आणि याच रीतीने पुढचे अंक झाले. म्हणजे मूल अंक मोजते तेव्हा ते घरातली भावंडेच मोजत असते! संगणकासाठी 'मुकाण्टू' असा शब्द झाला. मेंदू आणि वीज या दोन शब्दांचा तो जोड आहे. दूरध्वनीसाठी 'आवाज पाठवणारे' अशा अर्थाचा शब्द तयार झाला. 'दूरध्वनी' आणि 'संगणक' घडवणाऱ्या मराठी भाषकांना ही धडपड परकी वाटू नये.

उच्चारांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. या भाषांत स, फ, ह यांसारखे ध्वनी बहुधा नसतात. क आणि ग, प आणि ब यांत फारसा भेद करत नाहीत. मात्र ट-वर्गाला जवळचे ध्वनी भरपूर. इंग्रजी बोलणाऱ्याला ण आणि ळ यांनी घाम फुटतो. आपण वर्णमालेत 'ङ' घोकतो, पण त्याने आरंभ होणारा एकही शब्द आपल्याला सापडत नाही. कौर्नामध्ये 'मी' याला शब्द आहे 'ङाय'. मेलबर्न, सिडनी, ॲडलेड येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले तेथील बालवाड्यांत जातात. 'बाळ', 'पाणी' म्हणणाऱ्या त्या जिभांना हे शब्द सोपे जावेत.

पश्चिम किनाऱ्यावरील पर्थच्या परिसरात नूंगार लोकांची भाषा शिकवतात. तेथे मुले 'काया' म्हणून अभिवादन करतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'होय'. नूंगार वर्षात ऋतू चार नसून सहा आहेत, आणि तेही आपल्यासारखेच दोन-दोन महिन्यांचे. बिरक (डिसेंबर-जानेवारी), बुनुरू, जेरन, मकुरू, जिल्बा आणि कंबारंग. मकुरू हा पावसाचा व थंडीचा ऋतू, तर कंबारंग हा रानफुलांचा. इंग्लंडहून आलेल्या चार ऋतूंच्या चित्रांत डिसेंबरात बर्फ पडते. पर्थच्या मुलाला खिडकीबाहेर रणरणते ऊन दिसत असते. 'बिरक' हा शब्द मिळाला की, पुस्तक आणि खिडकी यांचे भांडण मिटते. षड्ऋतूंच्या देशात वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा शब्द कोणाचा?

येथवर सगळे गोड वाटेल. परंतु या उपक्रमात खरे वाद आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला प्रश्न 'स्थानिक' या शब्दाचा. हौशी शिक्षक पुस्तकातून किंवा ध्वनिफितीवरून मिळतील ते शब्द उचलतो. मेलबर्नच्या बालवाडीत 'वोमिंजेका' म्हणजे 'या, स्वागत असो' हा शब्द तेथील भूमीचा आहे. तोच पर्थमध्ये शिकवला तर ते सिडनीकरांना 'कांगारू' ऐकवण्यासारखे होईल. आपल्याकडे कोणी कोकणी, गोंडी आणि भिली एकत्र करून 'भारतीय भाषा' म्हणून शिकवली, तर आपण काय म्हणू? त्यामुळे बालवाडी ज्या भूमीवर उभी आहे ती कोणाची, हे शोधण्यापासूनच तेथे कामाला सुरुवात होते.

दुसरा प्रश्न परवानगीचा. बाहेरच्या माणसाला हा अतिरेक वाटतो. शब्द हवेसारखे असतात, ते वापरायला कोणाची परवानगी कशाला, असे तो म्हणतो. पण ज्या लोकांची जमीन न विचारता घेतली गेली, मुले न विचारता नेली गेली, त्यांच्याकडे शेवटी उरलेली वस्तू म्हणजे हे शब्द. तेही न विचारता नेले, तर आधीच्या गोष्टींची ही आणखी एक आवृत्ती ठरेल. म्हणून वडीलधाऱ्यांना भेटावे, त्यांना शाळेत बोलवावे, कोणता शब्द मुलांसाठी आहे आणि कोणता नाही ते त्यांनाच ठरवू द्यावे, त्यांच्या वेळेचा व ज्ञानाचा मोबदला द्यावा, अशी रीत तेथे रुजत आहे. न्यू साउथ वेल्स राज्याने २०१७ साली या भाषांच्या जतनासाठी कायदाच केला. ऑस्ट्रेलियात असा कायदा प्रथमच झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. चार वर्षांच्या मुलाला दहा शब्द आणि एक गाणे शिकवले म्हणजे भाषा वाचली काय? भिंतीवर नक्षी काढावी तसे हे शब्द नुसते शोभेला लावले जातात, असे खुद्द आदिवासी समाजातील अनेकांचे म्हणणे आहे. आक्षेप खरा आहे. वर्षातून एका सप्ताहात 'काया' म्हणायचे आणि उरलेले वर्ष गप्प बसायचे, याने काहीही होत नाही. दहा शब्दांनी भाषा जगत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पण दहा शब्दांचे मोल मोजण्याचे दुसरेही माप आहे. ज्या मुलाच्या आजीला शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल मार बसला, ते मूल आज वर्गात आपल्या भाषेतला शब्द मोठ्याने म्हणते आणि सगळा वर्ग तो त्याच्यामागे म्हणतो. त्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय होत असेल? आणि शेजारच्या गोऱ्या, चिनी किंवा मराठी मुलाला इतक्या लहान वयात कळते की, आपण राहतो ती जागा आपल्या येण्याने सुरू झाली नाही. हे ज्ञान पुढे कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकातून द्यायचे म्हटले, तर पुष्कळ वाद घालावे लागतात. बालवाडीत ते एका अभिवादनातून मिळते. शिवाय आरंभ कोठून तरी व्हावाच लागतो. गुंबायंगिर भाषेसाठी मूरबे ही संस्था १९८६ पासून काम करत होती. वृद्धांकडून शब्द गोळा करणे, कोश करणे, प्रौढांचे वर्ग घेणे, असे काम अनेक वर्षे चालले. २०२२ साली कॉफ्स हार्बर येथे त्याच भाषेतून आणि इंग्रजीतून शिकवणारी स्वतंत्र शाळा सुरू झाली. न्यू साउथ वेल्समधली अशी ती पहिलीच शाळा. तिच्या पाठीशी छत्तीस वर्षांची मेहनत आहे.

जेथे भाषा जागी आहे

आतापर्यंत निजलेल्या भाषांबद्दल सांगितले. उत्तरेकडे चित्र निराळे आहे. तेथे योल्ङू, वार्लपिरी इत्यादी लोकांची मुले आजही आपापली भाषा बोलतच शाळेत येतात. तेथे प्रश्न मुलांना शब्द देण्याचा नसून, त्यांच्या तोंडचे शब्द काढून न घेण्याचा आहे. १९७३ साली नॉर्दर्न टेरिटरीमध्ये द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. मुलांनी आधी आपल्या भाषेत वाचायला शिकावे, मग इंग्रजीत, असे सूत्र होते. यिरकाला येथील शाळेचे मुख्याध्यापक, आणि पुढे 'योथू यिंदी' या गायकवृंदामुळे जगप्रसिद्ध झालेले युनुपिंगू, यांनी या शिक्षणासाठी योल्ङू परंपरेतील 'गन्मा' ही कल्पना पुढे आणली. समुद्राचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी जेथे मिसळते ते गन्मा. दोन्ही पाण्यांना तेथे जागा असते.

सरकारला मात्र ही मिसळण पुरती पटली नाही. १९९८ साली द्विभाषिक कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली. २००८ साली शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवण्याचा हुकूम निघाला. पुढे हे बंधन मागे पडले. पण जिवंत भाषेला शाळेच्या दारात किती सहज अडवता येते, हे त्यातून दिसले. एकाच देशात दक्षिणेला निजलेली भाषा जागवण्यासाठी गाणी रचली जात होती, आणि उत्तरेला जागी असलेली भाषा दिवसाचे चार तास गप्प बसवली जात होती!

आपल्या दारातील प्रश्न

हा विषय सात समुद्रांपलीकडचा आहे, म्हणून सोडून देता येत नाही. मेळघाटातील मूल कोरकू बोलत येते, गडचिरोलीचे माडिया, नंदुरबारचे भिली किंवा पावरी. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा आहे. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते निश्चितपणे जोडता आलेले नाही, आणि ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. आपली स्थिती ॲडलेडपेक्षा यिरकालाच्या जवळची आहे. आपल्याकडील या भाषा अजून मुलांच्या तोंडी आहेत. त्या कोशातून उकरून काढाव्या लागणार नाहीत. वर्गात त्यांना जागा तेवढी द्यावी लागेल.

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार आपल्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, हे त्यांनी दाखवून दिले. अंगणवाडी भरली ती वस्तीच्या अंगणात, कुरणशाळा भरली ती गुरे चारण्याच्या कुरणावर. साहित्य घेतले ते भोवतालच्या बिया, पाने, शंख-शिंपल्यांचे. शाळा अंगणात नेली की पुढचे पाऊल म्हणजे अंगणातली भाषा शाळेत आणणे. ज्या वर्गात दोन-चार मुले कोरकू बोलणारी आहेत, तेथे रोज सकाळी एक कोरकू शब्द सगळ्या वर्गाने म्हटला, आणि तो त्या मुलांकडून किंवा त्यांच्या आजीकडून शिकला, तर त्याला पैसा लागत नाही. नवा अभ्यासक्रमही लागत नाही. शिक्षकाने काही मिनिटे विद्यार्थी होण्याची तयारी तेवढी लागते. डॉझने ती पंधरा वर्षांच्या मुलीपुढे दाखवली होती.

आपल्या महाविद्यालयातून दर वर्षी कितीतरी जण शिक्षक होऊन बाहेर पडतात. त्यांतल्या काहींच्या वाट्याला डोंगरातली शाळा येईल. पहिल्या दिवशी एखादे मूल पाण्याकडे बोट दाखवून असा शब्द उच्चारेल, जो मराठीच्या पुस्तकात नाही. त्या वेळी "असे नाही, 'पाणी' म्हण" असे सांगता येईल. किंवा आधी तो शब्द त्याच्यामागे आपण म्हणून, मग 'पाणी' शिकवता येईल. पहिल्या उत्तराचा शेवट काय होतो, हे ऑस्ट्रेलियाने दोनशे वर्षांत पाहिले आहे. दुसऱ्याचा आरंभ आज तेथील बालवाड्यांत होत आहे. आपल्याला दोन्ही वाटा अजून मोकळ्या आहेत.